सगळे बसले का?

—नाही नाही, तू बोल इंग्रजीत, मला कळतं सगळं, फक्त बोलायला लागलं की जीभ अडते. आणि तुला मराठी येतं ते मला केव्हाच कळलं, मघाशी त्या दुकानाबाहेरच्या फोनवर नाणी टाकून 'हो आई, खाल्लं' म्हणालीस ना, तेव्हाच. मान आपोआप वळली बघ माझी. या डोंगरात चहूकडे कोणी ओळखीचं नाही, आणि एक पोट्टी आईला खोटं सांगून राहिली की खाल्लं म्हणून — नव्हतंच ना खाल्लं? वेफर्सचा पुडा तर आत्ता फोडलास. असू दे, मी कशाला सांगते. बस ना. बस इथे, बाक मोठा आहे. तुझ्या मैत्रिणी अजून आत आहेत, त्या आता कॉफी घेतील, मग त्यात दूध, मग साखर, मग वरून दालचिनी भुरभुरतील, वेळ आहे त्यांना. नाव काय तुझं? आश्लेषा. बाप्पा, इथे जन्मून आश्लेषा. आणि त्या तुला अ‍ॅश म्हणून हाक मारतात होय? चांगलं आहे, घरचं वेगळं, बाहेरचं वेगळं.

मी सुमित्राकाकू. नागपूरची, धरमपेठेत राहते. सध्या मुलाकडे अमेरिकेत आले, अ‍ॅशबर्नला — तुमचं घर कुठे? — म्हणजे जवळच की. थांब, गाडी येऊन राहिली एक. — नाही, ती पांढरी. आमची हिरवी आहे, मोठी, सरकत्या दाराची. मुलाची वाट बघतेय मी. हरवले नाही ग, हरवले कुठे, मी होते तिथेच आहे. ते पुढे गेले. चुकून. दोन गाड्या ना आमच्या, या गाडीला वाटलं मी त्या गाडीत, त्या गाडीला वाटलं मी या गाडीत, आणि दोन्ही गाड्या गेल्या. हसू येतं की नाही? मला पण आलं. येतील, लक्षात आलं की येतील. नको, फोन नको. नंबर पर्समध्ये आणि पर्स गाडीत. शाल पण गाडीत. आणि केला तरी लागायचा नाही, या डोंगरात कुणाच्या मोबाइलला रेंज नसते, विक्रम सकाळीच म्हणाला. विक्रम म्हणजे माझा मुलगा. नको, जाकीट नको काढूस, तू घाल. मला थंडी नाही वाजत. हात गार आहेत ते वयाने.

तुम्ही पण तिथेच का, वर, स्कीच्या रिसॉर्टला? आम्ही पण. मी म्हटलं विकी, बर्फ नाही तर स्कीच्या गावाला जाऊन करायचं काय? तर म्हणे आई, बर्फ असताना आपण नुसते पडू आणि हात मोडून घेऊ, आत्ता त्यांच्या त्या तारेवरच्या खुर्च्या पानं बघायला चालू असतात. खुर्चीत बसायचं, पाय खाली सोडायचे, आणि वरून पानं बघायची. आणि पानांचं केवढं कौतुक ग — गेला महिनाभर रोज ऑफिसातून आला की कॉम्प्युटरवर बघायचा, कुठे किती लाल झालं, अजून 'पीक' नाही, म्हणजे ऐन रंग चढला नाही, या शनिवारी नक्की 'पीक' आहे. पानं गळायला आली त्याचा एवढा सोहळा मी जन्मात पाहिला नव्हता. पण सुंदर आहे, नाही म्हणत नाही. तो समोरचा डोंगर बघ, हळदकुंकू सांडल्यासारखा दिसतो. रिसॉर्टच्या खोल्यांना स्वयंपाकघर असतं म्हणून आम्ही कुकर, पोहे, मसाल्याचा डबा, सगळा संसार बांधून निघालो. मी काल दिवसभर दशम्या केल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मीच आपली.

तर गाड्या. तुझ्या आईबाबांच्या ग्रुपमध्ये पण असंच असतं का ग — ज्या गाडीतून निघायचं त्या गाडीतून कोणी पोचत नाही? दर थांब्याला अदलाबदल. सकाळी मी पुढे, विक्रमशेजारी, मला गाडी लागते म्हणून. मागे निधी, म्हणजे माझी सून, आणि अनिका, माझी नात. छान चाललं होतं. मला त्याच्याशी थोडं बोलायचं होतं, मी तोंड उघडणार तोच भोपळ्यांचं शेत आलं. उतरा, फोटो काढा, अनिकाला भोपळ्यावर बसवा. परत निघताना अनिल म्हणाला — अनिल म्हणजे विक्रमचा मित्र, दुसरी गाडी त्यांची — काकू, तुम्ही नीलाच्या गाडीत बसता का, आईला कंपनी होईल, मी जरा विक्रमजवळ बसतो. नीला त्याची बायको. बसले. त्याची आई सरलाबाई, त्या पण माझ्यासारख्याच सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांचे गुडघे दुखतात. सबंध घाटभर दुखले. मग सफरचंदांच्या दुकानाशी थांबलो, तिथे सगळी पोट्टी नीलाच्या गाडीत शिरली सिनेमा बघायला, तिच्या गाडीत छताला टीव्ही आहे, मग मी परत विक्रमच्या गाडीत — पण पुढे अनिल, तो काही उठला नाही, मग मी सगळ्यात मागे, बॅगांजवळ. दर वेळी आपली शाल उचलायची, पर्स उचलायची, आणि नव्या जागी जाऊन सांगायचं की मला खिडकी थोडी उघडी लागते. आणि निघताना विक्रम टाळी वाजवून विचारतो, सगळे बसले का? सगळे ओरडतात, बसले. की निघाल्या गाड्या.

तो आपल्यासमोरचा ट्रक हलला नाही ना अजून? नाही. बरं आहे, वारा अडतो. हो, तिकडे दारासमोर पण बाक आहे, पण तिथे ऊन नाही. इथे पण नाही म्हणा. मघाशी होतं.

इथे थांबलो पेट्रोलला. मागे बसून मळमळून राहिलं होतं मला, निधीने पाहिलं, ती म्हणाली आई, तुम्ही आता नीलाच्या गाडीत पुढे बसा, मी सांगते तिला. चांगली आहे निधी, मी वाईट नाही म्हणत. मग मी बाथरूमला गेले. त्याची किल्ली दुकानदाराकडून मागून घ्यावी लागते, लाकडाचा हा एवढा ठोकळा बांधलेला असतो किल्लीला. किल्ली परत दिली, बाहेर आले, आणि बघते तर दोन्ही गाड्या नाहीत. म्हणजे होत्या. निघत होत्या. — नाही, हाक मारायला वेळच कुठे होता. तो बर्फाच्या पिशव्यांचा मोठा फ्रिज आहे ना दाराशी, मी त्याच्या मागे, आणि विक्रम पंपाशी उभा, त्याने विचारलं, आई कुठे? निधी म्हणाली, नीलाच्या गाडीत. तो म्हणाला, बरं. आणि टाळी. सगळे बसले का? आता निधीला वाटलं तिने नीलाला सांगितलं, आणि सांगायच्या आधी अनिकाने ज्यूस सांडलं असणार, तिची ती धांदल. कोणाची चूक नाही यात. मुलाने विचारलं की. विचारलं त्याने, मी ऐकलं. फक्त मान वळवून पाहिलं नाही, पलीकडच्या गाडीत चार पावलांवर जाऊन पाहिलं नाही, पण विचारलं. अशी काय बघतेस? मी लांब होते ग. फार लांब नव्हते. पण लांब.

थांब, बघते जरा रस्त्यावर. — कोणी नाही. एक मोटरसायकल गेली फक्त. तू तिकडे बघत राहा, मला इथून वळण दिसत नाही.

नाही, पोलिसांना कशाला? दुकानदाराला पण नको सांगूस, तो बिचारा घाबरेल, म्हातारी टाकून गेले म्हणून बोंबाबोंब करेल. मला सवय आहे वाट बघायची. मी टेलिफोन ऑफिसात होते, ऑपरेटर, लग्नाआधी लागले ते रिटायर होईपर्यंत. ट्रंक कॉल लावून द्यायचो आम्ही, लोक तासन्‌तास बसून राहायचे एका कॉलसाठी, आणि आम्हाला कान लावून लावून इतकी सवय की एकदा ऐकलेला नंबर डोक्यातून जायचा नाही. अजून जात नाही. विक्रमचा घरचा, ऑफिसचा, मोबाइलचा, तिन्ही मला — हो. पाठ आहेत. मग काय झालं? पर्स गाडीत आहे हे खोटं नाही ना. आणि मोबाइल लागत नाही हे पण खोटं नाही. रिसॉर्टच्या काउंटरचा? तो — तो पण आहे. महिनाभर फ्रिजवर चिकटवलेला होता कागद, येता-जाता दिसायचा. लावता आला असता, हो. निरोप ठेवता आला असता. तू फार प्रश्न विचारतेस ग, वकिलीला जाणार आहेस का? नर्सिंग. बरं.

हे बघ, तुला सांगायला हरकत नाही, तू काही माझी कोणी नाहीस. यांना जाऊन — विक्रमच्या बाबांना — आता पाच महिने झाले. विक्रम आला, सगळं केलं, नाव ठेवायला जागा नाही, आणि मला बरोबर घेऊन आला. आता मागच्या आठवड्यात एकदा, सकाळी, हातात टोस्ट, ऑफिसला उशीर झालेला, आणि म्हणतो, आई, तू आता इथेच राहा. कायमची. मी सिटिझन झालो आता, तुझे कागद करता येतात. धरमपेठेतला फ्लॅट काढून टाकू. घाई नाही, ट्रिपला जाऊन येऊ, मग सांग. आणि हे म्हणायच्या आधी त्याने निधीकडे पाहिलं. म्हणाल्यावर परत निधीकडे पाहिलं. माझ्याकडे मधल्या मध्ये. आता तू सांग, तू इथली आहेस — कोणी असं म्हणालं तर त्याचा अर्थ काय होतो? तू राहा म्हणजे मला हवी आहेस, की तू राहा म्हणजे दुसरं काय करणार? मला तेवढंच कळायला हवं होतं ग. बाकी काही नको. रोज पोळ्या करीन, अनिकाला शाळेच्या बसपर्यंत सोडीन, ती इंग्रजीत बोलते मी मराठीत बोलते, आमचं जमतं. मला खोली आहे, वेगळी, खिडकीतून झाड दिसतं. पण रात्री वाटतं, मी नसले तर या घरात नेमकं काय अडेल? आणि विचारायचं कोणाला? मुलाला विचारलं की तो म्हणणार, काहीतरीच काय आई.

तेच विचारणार होते मी सकाळी, पुढे बसून. भोपळ्यांच्या आधी.

आणि मग त्या मागच्या सीटवर — मी डोळे मिटून बसले होते, डोळे उघडे ठेवले की मला जास्त होतं — अनिलने विचारलं, काकूंचं काय ठरलं? आणि विक्रम म्हणाला, काही बोलली नाही अजून. पण तिकडे एकटी कशी ठेवणार यार, ठेवावं तर लागेलच इथे. असं म्हणाला. निधी जागी होती, ती खिडकीतून बाहेर बघत बसली. वाईट काय म्हणाला तो, नाही का? काही नाही. कोणताही मुलगा हेच म्हणेल. मी पण माझ्या सासूबाईंबद्दल असंच म्हणाले असेन, आठवत नाही पण म्हणाले असेन. तरी मला ते ऐकून असं झालं की गाडी थांबव आणि मला उतरू दे. आणि गाडी थांबलीच ना, पेट्रोलला.

तर मी काही लांब नव्हते. फ्रिजच्या मागे होते, इथून तुमची ती लाल गाडी आहे ना, तेवढ्याच अंतरावर. त्याच्या शर्टाची मागची बाजू मला दिसत होती, इस्त्री मीच केलेला शर्ट. आई कुठे, म्हणाला तेव्हा नुसतं 'अरे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी श्वास धरून उभी राहिले. या वयात, लपंडाव खेळल्यासारखी. म्हटलं बघू. बघू तर खरं, किती लांब जातात, कोणाच्या आधी लक्षात येतं. गाड्या गेल्या, मग मी इकडे येऊन बसले, ट्रकच्या मागे, आल्या आल्या दिसायला नको म्हणून. आधी मजा वाटली. मग वाटलं, आत्ता वळतील, पहिल्या वळणावरून. मग वाटलं, पुढच्या. मग तू आलीस फोन करायला. तुला मी बसवून घेतलं कारण एकटीला भीती वाटायला लागली होती, खरं सांगते, की हे लोक वर पोचून चहा करतील, डबे उघडतील, आणि दशम्या कोणी केल्या ते आठवलं तरच मी आठवेन. त्या ट्रकवाल्याने ट्रक नेला तर मी काय करणार होते तेही मला ठाऊक नाही.

गाडी. — बघ ना, तुला दिसतं. हिरवी? हिरवी आहे? — तीच. बाप्पा, केवढ्या जोरात वळवली. नको, उठू नकोस. बस. दार उघडंच टाकलं त्याने. निधी पण आहे, ती दुकानात पळाली बघ. तो बाथरूमकडे गेला. ठोकून राहिला दार. आई म्हणून ओरडतोय, ऐकू येतं तुला? — हाक मारू नकोस ग. थांब. जरा थांब. बघू दे त्याला. मघाशी पाहिलं नाही ना, आता बघतोय बघ कसा, फ्रिजच्या मागे बघतोय, गाड्यांच्या काचांतून बघतोय, त्या म्हाताऱ्या जोडप्याला विचारून राहिला, हाताने उंची दाखवतोय माझी. एवढीशी दाखवतोय. चेहरा बघ त्याचा. हे गेले तेव्हा विमानतळावरून थेट आला होता, तेव्हासुद्धा असा चेहरा नव्हता.

आणि मला बरं वाटून राहिलं, आश्लेषा. हेच सांगते तुला, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. छाती अशी भरून आली, वाटतं अजून थोडा शोधू दे, अजून थोडा घाबरू दे. पोटच्या पोराला असं बघून आईला बरं वाटतं, काय म्हणावं याला? आणि हे काही आजच्यापुरतं नाही, मी ओळखते मला. त्याच्या घरी राहिले तर मी हे परत करीन. गाडीत नाही तर घरात करीन. न जेवता झोपीन आणि वाट बघीन कोण उठवायला येतं. दुखत असेल ते सांगणार नाही आणि वाट बघीन कोणाला कळतं. तो दर वेळी धावत येईल, मला दर वेळी बरं वाटेल, आणि एक दिवस तो धावायचा थांबेल. आणि त्या निधीने काय पाप केलंय? नाही. दिवाळी झाली की जाते मी. तिकीट आहेच परतीचं. फ्लॅट राहू दे, मी राहीन तिथे. वर पोचलं की सांगते त्याला. त्याला वाटेल, आज विसरलो म्हणून आई चालली. मी नाही म्हणेन, तो ऐकणार नाही, जन्मभर मनाला लावून घेईल, आणि खरं कारण मला सांगता यायचं नाही. कसं सांगू, तूच सांग. विकी, मी तिथेच होते, तुझ्या पाठीमागे, असं सांगू?

तो कुठे चालला? त्या कठड्याकडे? अगं तिकडे दरी आहे. वाकून खाली बघून राहिला तो. त्याला वाटलं मी — अरे देवा. नाही रे. — हात हलव, हो, हलव तू, उंच आहेस, मी ट्रकमागे दिसायची नाही. हलव. अजून. — पाहिलं. पाहिलं त्याने. झालं, बस आता, खाली घे हात. डोळे पुसू दे मला. तुझ्या मैत्रिणी निघाल्या, बोलावून राहिल्या तुला, तू जा. आणि तो काही म्हणाला तर मी नुकतीच इथे येऊन बसले, तुला काही माहीत नाही. आपण पानांबद्दल बोलत होतो. कळलं? लाल, पिवळी. जा, बाळ, आणि काहीतरी नीट खाऊन घे. — अरे इथे आहे मी, विकी. हळू ये. पडशील.